सगळ्यात अवघड मोड

गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये तेजल दुपारी नवऱ्याचा अंतराळयुद्धाचा गेम खेळत बसायची, तोही सगळ्यात अवघड मोडवर. रोबोंनी वेढलेल्या यानात ती एकटी अडकायची आणि रोज मरायची.

आज सहा रोबो लोळवून ती दारापर्यंत पोचली, तोच सासूबाईंनी हाक मारली, "तेजल, चहा टाक गं!" पाठोपाठ सासरे, "माझा चष्मा कुठाय?"

"आले, आई! मध्येच थांबवता येत नाही हो!" तेजल ओरडली. पाच मिनिटं जिवाच्या आकांतानं लढली आणि मेली.

सुट्टीमुळे घरी असलेला तिचा नवरा राकेश हसला. "अगं, सोप्या मोडवर खेळ ना. त्यात केव्हाही पॉज करता येतं."

"माहितीये," तेजल उठत म्हणाली. "पण मग हाक आली की लगेच उठावं लागतं."