चिकातली ज्वारी

प्रशांतअण्णांची एकच इच्छा उरली होती, डोळे मिटायच्या आत नातीला एकदा हुरडा खाऊ घालायचा. म्हणून त्यांची सून ईश्वरी उजाडायच्या आधीच दोघांना घेऊन रानात आली होती. बांधावर खाट टाकून तिनं अण्णांना निजवलं होतं आणि आगटी फुलवून ठेवली होती.

मंगळवेढ्याच्या रानात आता सरकारमान्य अडतीस दिवसांचीच ज्वारी पेरता येई. तिच्या दाण्याला एकच गोष्ट शिकवलेली होती, ऊन लागलं की झटक्यात पिकायचं. चिकात, म्हणजे हुरड्याजोगी कोवळी आणि दुधाळ, ती जेमतेम एक पहाट राही.

"नखानं दाबून बघ," अण्णा म्हणाले. "दूध आलं की मोड."

दूध आलं. ईश्वरीनं भराभर कणसं मोडून निखाऱ्यांत खुपसली. पण तो दाणा निखाऱ्यालाही ऊनच समजला. बघता बघता टणक झाला आणि तडतड फुटू लागला.

"लाह्या झाल्या की गं," अण्णा हसल्यासारखं करून म्हणाले. "तुझ्या सासूसारखीच घाई हिला. थांबणं म्हणून माहीत नाही."

ईश्वरीनं धुराचं निमित्त करून डोळे पुसले. पाच वर्षांच्या रेवानं मात्र बकाणा भरला होता.

"आजोबा, हुरडा लई भारी लागतो."

"अगं, हा हुरडा नव्हे..." ईश्वरी बोलू लागली, तोच अण्णांनी तिचा हात दाबला.

"हुरडाच आहे बाळा," ते म्हणाले. "खा पोटभर."

मग तोंड फिरवून ते कितीतरी वेळ रानाकडे बघत राहिले.