आलं तेच लिहायचं

"चला, घर पेटवा," बाई म्हणाल्या आणि वर्गात एकच कल्ला झाला. संगणकावरच्या त्या खेळात भिंती उभ्या करायच्या, आत सामान आणि एक बाहुला ठेवायचा, आग लावायची आणि काय होतं ते वहीत टिपायचं. ज्वलनाचा धडा या शाळेत असा कुणी शिकवला नव्हता. बाई स्वतःवरच खूश होत्या.

"आता दार उघडून बघा, हवा मिळाली की आग कशी भडकते! आणि वहीत आलं तेच लिहायचं, हवं ते नाही." हे त्यांचं नेहमीचं पालुपद. मनाचे आकडे लिहिले म्हणून त्यांनी एकदा अख्ख्या वर्गाला शून्य दिलं होतं.

शेवटच्या बाकावरची मुलगी पडद्यात डोकं घालून बसली होती. तिने लोखंडी ठोकळ्यांची दोन शिलाई मशिनं केली होती. भोवती कापडाचे गठ्ठे, आणि एकच दार. पेटवायचं, बघायचं, पुसून पुन्हा मांडायचं, असं तिचं चाललं होतं.

बाई तिच्या बाकापाशी येऊन थबकल्या. हिचे शिंपी वडील दोनच महिन्यांपूर्वी दुकानाच्या आगीत गेले होते. हौसेच्या भरात बाई ते साफ विसरल्या होत्या.

"राहू दे गं बाळा. दुसरं काहीतरी कर."

"बाई, दार मी उघडलं होतं." मुलीने मान वर केली नाही. "बाबांना बाहेर काढायला. इथे दार बंद ठेवलं की आग आपोआप विझते. बाहुला उभाच राहतो. सहा वेळा बघितलं."

बाई तिच्या शेजारी टेकल्या. तिची मांडणी त्यांनी नीट पाहिली.

"कापडाचा धूर फार होतो," त्या शेवटी म्हणाल्या. "तू कमी धरलायस."

पडदा आपल्याकडे वळवून त्यांनी धूर वाढवला. अर्ध्यावर नेला, तरी बाहुला उभाच. मग पार टोकाला नेला. त्या दिवशी खरा धूर किती होता, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"आता बघ."

मुलीने आग लावली. दार बंदच होतं. खोली काळी होत गेली आणि बाहुला आडवा झाला. ती कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने वही ओढली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं : दार उघडण्याआधीच बाहुला पडला.

"आलं तेच लिहिलंय ना, बाई?"

"हो."

बाईंनी लाल पेन काढलं आणि खाली तारीख घालून सही केली.