गाडीसाठी गार छप्पर

"साधा पत्रा नको," मुलगा म्हणाला. "तापतो."

"गाडीला काय घाम येणार आहे?" आईने विचारलं.

जुन्या गॅरेजच्या दारात तिघं उभे होते: सत्तरी ओलांडलेली आई, तिचा एकुलता एक मुलगा आणि छपराची कामं करणारा मिस्त्री. वरचे सिमेंटचे पत्रे जागोजागी तडकले होते. मिस्त्रीने गाडीच्या बॉनेटवर तीन नमुने मांडले. साधा पत्रा, नवा सिमेंटचा पत्रा आणि दोन पत्र्यांच्या मध्ये फोम भरलेला जाडजूड तुकडा. आईने साध्या पत्र्यावर बोट ठेवलं. आत होतं तरी काय? नवऱ्याच्या मागे कुणीच न चालवलेली गाडी आणि रंगाचे चार सुकलेले डबे. त्यांचे एवढे लाड कशाला?

पण मुलगा फोमवर अडून बसला. "हा गार राहतो, आई. कितीही पाऊस पडू दे, आवाज नाही. झोपमोड होत नाही."

कुणाची झोपमोड, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. स्वस्तातल्या चपलेसाठी दहा दुकानं पालथी घालणारा हा मुलगा आज गॅरेजवर एवढा उदार कसा? बापाच्या गाडीची माया असेल, असं म्हणून तिने विषय सोडला. खरं तर तिला त्याचं कौतुकच वाटलं.

"बरं बाबा, होऊ दे तुझ्या मनासारखं."

मिस्त्रीने कानामागची पेन्सिल काढली. "मग भोक कुठे पाडायचं ते आत्ताच सांगा. हे पत्रे वर चढवून मग कापले, की फोममध्ये पाणी शिरतं. आजींच्या संडासाचा हवेचा पाइप या कोपऱ्यातून काढू की त्या?"

मुलगा स्वतःच्या बुटांकडे बघू लागला. "आई, मी सांगणारच होतो तुला. जिना चढताना तुला दम लागतो. आणि तुझी खोली आम्हाला जरा..."

आईच्या पायाखालची जमीन सरकली. पण जमीन तिचीच होती, त्यामुळे ती लगेच सावरली. कारखान्यात तीस वर्षं राबून तिने हे घर बांधलं होतं आणि कागदोपत्री आजही तिचंच नाव होतं. रडू आलं नाही. राग आला, चांगला सणसणीत.

तिने फोमचा तुकडा उचलला, बोटाने टकटक वाजवून पाहिला.

"पाइप त्या कोपऱ्यातून काढा," ती मिस्त्रीला म्हणाली. "आणि संडास जरा ऐसपैस धरा. माझा मुलगा आणि सून राहणार आहेत इथे."