थोडासा उजेड

चर्चमध्ये गीताचं तिसरं कडवं सुरू होणार, एवढ्यात पाहुण्या उपदेशकांनी ऑर्गन थांबवायला सांगितला.

"गाणाऱ्यांतल्या त्या बहिणीला खाली आणा," ते म्हणाले. "आज प्रभूचं तिच्याशी काम आहे."

कुठली बहीण, हे कुणी विचारलं नाही. गाणाऱ्यांत जन्मांध अशी ती एकटीच. रुग्णालयाच्या टेलिफोनवर बसायची, म्हणून लहानथोर सगळे तिला ऑपरेटरबाई म्हणत.

तिने श्वास भरून घेतलेला होता. तो तसाच सोडावा लागला. एरवी उपासनेत तिला कुणी हात धरून न्यावं लागत नसे. शेजारणीने श्वास घेतला की आपण घ्यायचा, ऑर्गनचा खर्ज पायाखालच्या फळ्यांतून पोटऱ्यांपर्यंत चढला की तोंड उघडायचं. गाणं सुरू असेपर्यंत आपण आंधळ्या आहोत हे ती चक्क विसरायची. आता दोघींनी तिचे दंड धरले आणि तिला पायऱ्या उतरवून वेदीपुढे उभं केलं. काठी वर खुर्चीलाच टेकून राहिली.

उपदेशकांनी तिच्या डोळ्यांवर हात ठेवले. हात गरम होते. प्रार्थना करून करून त्यांचा आवाज बसला होता. माणूस ढोंगी नव्हता. ते आवाजावरून तिला लगेच कळलं, आणि तिथेच तिची पंचाईत झाली.

"काही दिसतंय का, बहिणी?"

"नाही."

"पुन्हा मागू या."

सगळ्या मंडळीने पुन्हा मागितलं. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच "नाही." कुणीतरी खाकरलं. एक बाक करकरला. दाराशी कुणाचं तरी बाळ किरकिरायला लागलं. आणि पुढच्या बाकावरून आईचा आवाज आला, अगदी हळू, "देवा, आता तरी."

आईने हे मागणं सोडून दिलंय, असंच ती इतकी वर्षं समजत होती.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दारात माणसं जेवायला बसलीत आणि आपल्या घरात वाढायला काही नाही, तसं. तिसऱ्यांदा हात उचलले गेले, तिसऱ्यांदा प्रश्न आला.

"थोडासा उजेड," ती म्हणाली.

अख्खं चर्च उसळलं. ऑर्गन असा घुमला की खिडक्यांची तावदानं थरथरली. माणसं रडत होती आणि रडता रडता गात होती. नेहमी मागे रेंगाळणारे खर्जातले काकासुद्धा त्या दिवशी बरोबर समेवर आले. इतकं सुंदर गीत तिने त्या छपराखाली कधी ऐकलं नव्हतं. चारही बाजूंनी ते तिच्यावर कोसळत होतं, आणि तिच्या घशातून एक सूर फुटत नव्हता.

"जा, आईकडे जा," उपदेशक म्हणाले. "कुणी धरू नका तिला."

ती निघाली. लहानपणापासून पायाखालची वाट. सतरंजी संपते तिथे गार फरशी लागते, बाजूच्या दाराची झुळूक उजव्या कानाला लागली की वळायचं, पुढे आईचं मुसमुसणं. ती सरळ चालत गेली, कुठेही न ठेचकाळता. दोन्हीकडून "प्रभू!" "प्रभू!" असे उद्गार निघत होते. पावलागणिक खोटं पक्कं होत होतं.

आईने तिचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. "मी दिसते का गं? जरातरी?"

ती उत्तर देणार तोच एक अनोळखी बाई घाईघाईने जवळ आली. "ताई, आम्ही फार लांबून आलोय. आता माझ्या मुलीसाठी प्रार्थना आहे. तीही जन्मापासून अशीच. घाबरलीय हो. तुम्ही दोन शब्द सांगा ना तिला."

एक छोटा हात तिच्या बाहीवर आला. मनगट, कोपर, खांदा चाचपत वर सरकला आणि हनुवटीशी थांबला.

"उजेड कसा असतो?" मुलीने विचारलं. "गरम असतो का?"

दिवसभर टेलिफोनवर जगाच्या प्रश्नांना उत्तरं देणारी बाई. हे मात्र तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. ऑर्गन आता हलक्या सुरात वाजत होता. ती खाली वाकली आणि मुलीच्या कानाशी तोंड नेलं.

"मला नाही माहीत गं. मी खोटं बोलले."

"म्हणजे तुला दिसत नाही?"

"काहीच नाही."

मुलगी खणखणीत आवाजात ओरडली, "आई! आई, हिलापण दिसत नाही!"

परक्या गावात आपल्या गल्लीतलं कुणी भेटावं, तशी ती हरखली होती.

ऑर्गन मधेच तुटला. शेवटचे दोन-तीन आवाज तेवढे पुढे गेले आणि लाजून थांबले. ऑपरेटरबाईचा चेहरा कानांपर्यंत पेटला. सगळे आपल्याकडे बघतायत, हे कळायला तिला डोळे लागत नव्हते. वेदीपाशी उपदेशक जड श्वास घेत होते. आईच्या हातांची पकड सैल झाली, आणि मग हात सुटलाच.

बाक करकरला. आईने नाक पुसलं.

"सरका हो जरा," ती शेजारच्यांना म्हणाली. आवाज अजून ओलाच होता. "दोघींना बसू दे."