सहा नंबरचा स्पॉट

फोन आला तेव्हा मी नाट्यगृहात शिडीवर होतो. सहा नंबरच्या स्पॉटला निळ्या जिलेटिनचा पारदर्शक कागद लावला होता आणि खाली उभ्या नायिकेचा चेहरा प्रेतासारखा दिसत होता. दवाखान्यातून मुलगी म्हणाली, "बाबा, लगेच निघा. आई तुम्हाला विचारतेय."

"निघालोच," म्हणालो आणि निळं काढून फिकं, पिवळसर अंबर लावलं. तरी नाकाची सावली टोचत होती, म्हणून पुढे फ्रॉस्टचा दुधी कागद सरकवला. दिग्दर्शक ओरडला, "वा तात्या, बाई जिवंत झाली!" यात वीस मिनिटं गेली. पोचलो तेव्हा हिच्या तोंडावर चादर ओढून झाली होती. मुलीला सांगितलं, पुलावर गाडी अडकली.

आज पंचविसावा प्रयोग होता. सहा नंबरच्या स्पॉटखालचा नायिकेचा तो प्रवेश आला की मला बसवत नाही. डिमर वर करून उजेड आणला की उठतो, दारापर्यंत जातो, परत येतो. आज मुलगी पहिल्यांदा बघायला आली होती. मध्यंतरात माझ्या लाइटच्या खोलीत येऊन म्हणाली, "बाबा, त्या बाई आईसारख्या दिसल्या हो. संध्याकाळी ओट्याशी उभी असायची ना, अगदी तशी. कसं जमवलंत?"

"काही नाही गं. एक कागद असतो."

"आई असती तर म्हणाली असती, घरी कधी असा उजेड लावला नाहीत."

ती हसली, मग रडली. मी तिला पाणी दिलं. तिसरी घंटा झाली आणि ती खुर्चीत जाऊन बसली.

त्या दिवशी मी लगेच निघालो नव्हतो, हे तिला सांगायचं अजून राहिलं आहे.