अर्धी धावपट्टी

आमच्या पापुआच्या डोंगरात विमान उतरायची पट्टी एकच, तीही दोन कुळांची: अर्धी वरच्या कुळाची, अर्धी खालच्या. वरच्यांनी आपल्या अर्ध्यातलं गवत कापलं होतं, खालच्यांचं गुडघाभर वाढलेलं. वरच्यांच्या रुबिनाआजीची सून बाळंतपणात अडली, तेव्हा मी दवाखान्यातल्या रेडिओवरून विमान मागवलं. “अर्ध्या पट्टीवर उतरता येत नाही, सिस्टर,” पायलट म्हणाला. गवत कापा म्हटलं, तर खालच्यांचा म्होरक्या केपास म्हणाला, “उद्या बघू.” आजी कोयता घेऊन खालच्या गवतात शिरली. केपास किंचाळला, “म्हातारे, आमच्या जमिनीला हात लावू नकोस! आज गवत कापशील, उद्या रताळी लावशील!” “लावीनच की, पडीकच तर आहे,” आजी म्हणाली. झालं! केपासचं अख्खं कूळ कोयते घेऊन धावलं नि तिच्याआधी सगळं कापून मोकळं झालं. विमान उतरलं. सुनेपाठोपाठ आत चढताना आजी ओरडली, “केपास, गवत वाढलं की सांग. रताळ्याचे वेल घेऊनच येते!”