शहात्तरावी ओळ

“ही ओळ कोणी घुसडली?” बार्लो साहेबांनी कागद टेबलावर आपटला.

“मी, साहेब,” झहूर बुरोंडकर म्हणाला. टाइपरायटरवरची बोटंही त्यानं उचलली नाहीत.

१९५८ चा मार्च होता. कुवेतच्या तेल कंपनीतले बार्लो साहेब फावल्या वेळात आशिया खंडातल्या रानमांजरांवर पुस्तक लिहीत होते. वाघापासून रानबोक्यापर्यंत सारं कुळ त्यात येणार होतं. पुस्तकाच्या शेवटी एक यादी होती: जागा कोणती, जनावर कोणतं आणि शेवटच्या रकान्यात पुरावा. ही यादी टाइप करायला दापोलीकडचा झहूर होता. तो मिनिटाला साठ शब्द बडवायचा, आणि तेही न वाचता. वाचायला लागलं की बोट चुकतं, असं त्याच्या मास्तरांनी त्याला शिकवलं होतं. पंच्याहत्तर ओळी अशाच बिनबोभाट पार पडल्या. शहात्तराव्या ओळीत ‘कुवेत : एकही नाही’ असं आलं आणि बोटं जागच्या जागी अडली.

कारण मागच्याच शुक्रवारी फिंतास गावामागच्या वाळवंटात, चुलीसाठी झुडपं तोडताना, त्यानं रानमांजर पाहिलं होतं. वाळूच्याच रंगाचं, रुंद कानांचं. मग त्यानं साहेबांचे शब्द गाळले आणि टाइप केलं, ‘कुवेत, फिंतास : वाळूतलं मांजर, एक. पाहिलं.’

आता टायपिस्टानं असं करायचं असतं का? पण झहूर पडला सरळ माणूस. मोडेल पण वाकणार नाही. खोटं बोलणं त्याला जमायचंच नाही, आणि त्यापायी मुंबईतल्या दोन नोकऱ्या त्यानं घालवल्या होत्या.

“नुसतं पाहिलं म्हणजे पुरावा नव्हे,” साहेब म्हणाले. “माझी बंदूक घेऊन जा. शनिवारी कातडं आणलंस तर ओळ राहील, आणि पुस्तकात तुझं नाव छापीन. नाहीतर सगळ्यांसमोर कबूल कर, की तू खोटं बोललास. मग जा परत गोदामात, पोती उचलायला.”

ऑफिसात खसखस पिकली. खेडचा हेडक्लार्क नूरुद्दीन हळूच जवळ आला. “पान्यात रावून माशाशी वैर करतोस, झहूर? माफी माग नि मोकला हो.”

घरी बायकोनं, खैरुन्निसानंही तेच सांगितलं. “एक ओल खोडलात तर काय आभाल पडनार हाय? गोदामातला पगार म्हायत हाय ना?”

“मी डोल्यांनी बघितलाय. बघितलेला नाय कसा म्हनू?” झहूर म्हणाला आणि जेवता जेवता उठला. लोक आपल्याला खोटारडा म्हणतात, हे त्याला घासागणिक टोचत होतं.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज उरकून तो बंदूक घेऊन निघाला. गावाकडे शेत राखताना त्यानं डुकरं पाडली होती, त्यामुळे नेमाची काळजी नव्हती. पण माग काही लागेना. या जनावराच्या तळपायांनाही केस, त्यामुळे वाळूवर ठसा उमटायचाच नाही. शेवटी एका झुडपाच्या मुळाशी बीळ सापडलं. तो वाऱ्याची दिशा पाहून बसला.

ऊन कललं तशी ती बाहेर आली. मादी होती. दहा पावलांवर माणूस बघून ती पळेल असं झहूरला वाटलं. ती पळाली नाही. तिनं पोट वाळूला चिकटवलं, कान पाडले आणि डोळे घट्ट मिटून घेतले. आपण आता कुणाला दिसत नाही, असा तिचा पक्का भरवसा होता. दुसऱ्या कुणाला ती दिसलीही नसती.

झहूरनं बंदूक खांद्याला लावली. आणि हाताची सवय बघा, दस्त्यावर त्याची बोटं आपोआप ओळ टाइप करू लागली. ‘कुवेत, फिंतास : वाळूतलं मांजर, मादी, एक. कातडी.’ एक ओळ आली तशा मागच्याही आल्या. डोळ्यांनी न वाचलेलं बोटांनी जपून ठेवलं होतं. पामीर : हिमबिबट्या, कातडी. आसाम : लामचित्ता, कवटी. गीर : सिंह, कातडी आणि कवटी. सुंदरबन : मासे मारणारं मांजर, कातडी, पिलांसह. पंच्याहत्तर ओळी, आणि एकाही ओळीच्या शेवटी जिवंत जनावर नाही. ही मांजरं कुठे राहतात त्याची यादी नव्हतीच ही. कुठे कुठे मारली त्याची होती, आणि ती आपण सुबक टाइप करून दिली. झहूरला स्वतःच्या बोटांची किळस आली. मग साहेबांचा असा संताप आला, की कानशिलं तापली. त्यानं बंदूक खाली घेतली.

शनिवारी सकाळी त्यानं बंदूक साहेबांच्या टेबलावर ठेवली.

“कातडं कुठाय?” साहेबांनी विचारलं. सगळं ऑफिस कान टवकारून बसलं होतं.

‘आहे, पण आणत नाही जा,’ असं अगदी ओठांवर आलं होतं. पण तसं म्हणावं, तर दुसऱ्या दिवशी साहेबांच्या जीप आणि शिकारी कुत्री फिंतासमागच्या वाळूत हजर झाली असती. झहूरनं साहेबांचा पेन उचलला आणि शहात्तरावी ओळ खोडली, इतक्या जोरानं की कागद फाटला.

“म्हणजे तिथं काही नाही?”

झहूरनं फाटका कागद साहेबांपुढे सरकवला.

“मग सांग सगळ्यांना.”

झहूर वळला. त्यानं मान ताठ केली, एकेकाच्या डोळ्यांत पाहिलं आणि आयुष्यातलं पहिलं खोटं साऱ्या ऑफिसला ऐकू जाईल असं ठणकावून सांगितलं, “मी खोटं बोललो होतो.”